तुरीचे दात आणि लाल वाईन

नाशिककडच्या होणाऱ्या व्याह्यांच्या दिवाणखान्यात बसून मी जे बोललो, ते बोललो नसतो तर माझा अख्खा मे महिना सुखात गेला असता. पण गप्प बसणं मला कधी जमलं नाही. आमच्या लातूरच्या बाजारात गप्प बसणाऱ्याची तूरसुद्धा ओली ठरते.

झालं असं, की लेकीची सोयरीक जमली होती आणि आम्ही पाहुणचाराला गेलो होतो. व्याही वाईनची द्राक्षं पिकवणारे. जेवणाआधी त्यांनी लांब दांडीचे, फुंकर मारली तर फुटतील असे पेले मांडले आणि लाल वाईन ओतली. तोवर आयुष्यात मी ती चाखली नव्हती. पहिल्याच घोटाला जीभ टाळूला चिकटली, आणि चिकटलेल्या त्याच जिभेनं मी म्हणालो, "चांगलीय. पण आमच्या लातुरात याच्याहून सरस मिळते, निम्म्या किमतीत. मी तर रोजच घेतो."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की पेल्यातली लाल वाईन पांढरी पडली. व्याही मात्र खूश. म्हणाले, मेमध्ये आम्ही लातूरला येतोच आहोत, तेव्हा तुमच्या पसंतीची पाजा.

परतीच्या प्रवासात लेक बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "पप्पा, लहानपणापासून तुम्ही बोलता आणि मी मागून खुलासे करत फिरते. शाळेत केले, कॉलेजात केले. आता त्या घरात मला राहायचंय. तिथं तरी नका करायला लावू."

मी हसण्यावारी न्यायला गेलो. ती हसली नाही. हसली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता माझ्या जिभेची ओळख करून देतो. तीस वर्षं मी एका दालमिलसाठी तूर खरेदी केली. ओलावा मोजायची यंत्रं आता आली. आधी दात होते. ढिगात हात कोपरापर्यंत घालायचा, तळातला दाणा काढायचा आणि दाढेखाली धरायचा. कट्ट वाजला तर सुकी, मुकाट मोडला तर ओली. अर्धा मराठवाडा माझ्या दाढेखालून गेलाय. एकदा तर दाणा चावून मी शेतकऱ्याला त्याच्या विहिरीत किती पाणी आहे ते सांगितलं होतं, आणि ते बरोबर निघालं होतं. अशा माणसाला एक वाईनची बाटली निवडता येऊ नये?

नाही आली. आमच्याकडे पाटीवर 'वाईन शॉप' लिहिलेल्या दुकानात वाईन सोडून सगळं मिळतं. मालकाला लाल वाईन मागितली तर त्यानं आधी माझी तब्येत विचारली. मग स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरची, दुकानाच्या उद्घाटनाला शोभेसाठी मांडलेली असावी अशी एक बाटली काढली. रोज दुपारी तिच्यावर ऊन येत होतं. घरी आणून उघडली, तर चिंचेच्या कोळात गंजका खिळा बुडवावा तशी चव. दुसऱ्या दुकानात स्वस्तातली पोर्ट वाईन मिळाली. ती इतकी गोड, की बायको घोट घेऊन म्हणाली, ठेवा कपाटात, खोकल्याला होईल.

पाहुणे यायला आठवडा उरला. माझं अंथरुणात लक्ष लागेना, ताटात लागेना. पेपर वाचायला घेतला तर तेच पान दहादा वाचायचो. घरातल्या घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या, की फरशीवर पायवाट पडली. लेक एका शब्दानंही काही विचारत नव्हती, आणि तिचं ते न विचारणंच मला टोचत होतं. शेवटी सकाळची एसटी धरली आणि नांदेड गाठलं.

नांदेडला माझे दाजी असतात, बहिणीचे मालक. उत्पादन शुल्क खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले. उभ्या जन्मात थेंबाला शिवले नाहीत, पण बाटलीवरचं बारीक अक्षर त्यांच्याइतकं कुणी वाचलं नसेल. मी दारात पोचलो तेव्हा ते अर्धापूरच्या केळ्यांचा घड टांगत होते. माझी कहाणी ऐकून घेतली आणि पहिलं काय विचारलं, तर पिण्याचा परवाना आहे का. नव्हता. आधी परवाना काढायला लावला, त्याच्या प्रती काढायला लावल्या, मगच पायात चप्पल घातली.

दुकानात दाजी बोट दाखवून बोलायचे, जणू जप्तीला आलेत. मालक चळाचळा कापत होता, हे माझं म्हणणं. दाजी म्हणतात तो पंख्याखाली उभा होता.

"तू जीभ घेऊन आलास, डोळे कुठं ठेवलेस?" दाजी मला म्हणाले. "आधी बाटली कुठं ठेवलीय ते बघ. उन्हातली, ट्यूबलाइटखालची घेऊ न्हाई. मग साल बघ. जुनी तितकी भारी, हे लई महागाच्या बाटलीचं. आपल्या खिशातली दोनतीन वर्षांत पिऊन टाकायची असते, ठेवून ती काय लोणचं होत न्हाई."

फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल, हा माझा समजही त्यांनी तिथंच मोडला. झाकणाचा आणि चवीचा संबंध नाही. द्राक्षाचं नाव लिहिलंय का ते बघायचं. नाव नसेल आणि नुसतीच सोनेरी नक्षी असेल, तर पैसे नक्षीचे. अशा तीन बाटल्या त्यांनी काढल्या, तिन्ही मध्यम किमतीच्या, तीन वेगळ्या द्राक्षांच्या. पुढचं काम तुझं, म्हणाले.

बहिणीच्या स्वयंपाकघरात स्टीलच्या पेल्यांतून मी ते काम केलं. बहीण पदर नाकाला लावून उभी. पण पहिल्याच घोटाला माझा जीव जरा भांड्यात पडला, कारण या चवींची नावं मला कुणी शिकवायला नको होती. कॅबरने तुरट, कच्ची सुपारी चघळल्यावर हिरड्या आवळतात तशी. झिनफंडेल मऊ, पिकल्या जांभळाची, थोडी गोडसर. शिराझ हुंगली आणि मला आमच्या घरचा काळा मसाला कुटताना येतो तो मिऱ्याचा ठसका आला. ज्याला बिनसाखरेचा कडक चहा आवडतो त्यानं पहिली घ्यावी, ज्याला गुळाचा खडा लागतो त्यानं दुसरी, आणि ज्याला दोन्हीच्या मधलं काही हवंय त्यानं तिसरी. इतकं सोपं होतं ते.

तेवढ्यात बहिणीनं सवयीनं शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी पुढं केली. मी खाल्ली, वर कॅबरनेचा घोट घेतला आणि तोंडात होळी पेटली. तुरटपणा आणि तिखट एकमेकांना असे भिडले की मी अर्धा माठ रिकामा केला. मग भाकरीचा कोरडा तुकडा खाऊन पुन्हा चाखली, तर शांत. म्हणजे नुसती बाटली निवडून भागणार नव्हतं. ताटात काय येणार तेही बघावं लागणार होतं. आमच्या घरी पाहुण्यांना मटणच होणार, आणि ते बायकोच्या हातचं, म्हणजे तिखट.

मी डोळे मिटून व्याह्यांना आठवलं. त्यांनी काळा चहा घेतला होता, बिनसाखरेचा. जेवणावर अडकित्त्यानं कातरलेली नुसती सुपारी. माणूस तुरट चवीचा. पण समोर तिखट. दाजींना विचारलं, शिराझमध्ये थोडी कॅबरने मिसळलेली मिळते का? त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे आदरानं बघितलं. मिळत होती. दोन घेतल्या.

परतीच्या एसटीत दोन्ही बाटल्या ओल्या टॉवेलात गुंडाळून तान्ह्या पोरासारख्या मांडीवर धरल्या. उन्हानं पत्रा तापलेला, दर दहा मिनिटांनी मी टॉवेलावर पाणी शिंपडत होतो. शेजारच्या आजीनं विचारलं, काय हाय रे लेकरा ते? दारू म्हणायची लाज वाटली. म्हणालो, हवामान खात्याचं यंत्र आहे, पावसाचा अंदाज सांगतं, ओलं ठेवावं लागतं. आजीनं लगेच विचारलं, मग औंदा कधी पडंल? आणि माझी जीभ, जिला मी आयुष्यभर आवरलं नाही, बोलून गेली: "सात जूनला. धो धो."

लोहा, अहमदपूर मागं पडलं. आजीनं दोनदा तारीख घोकली. चाकूरला उतरताना म्हणाली, ल्योकाला सांगते, बियाणं आजच आणून ठेव. बाटल्या कुशीत घेऊन मी तिच्या मागं स्टँडवर पळालो.

"आजी, ते खोटं होतं. ही दारू हाय. पाहुण्यासाठी न्यायलोय."

आजीनं टॉवेलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बोळकं उघडून हसली. "मला येडी समजतो व्हय रे? दारूला कोण आंघोळ घालतं?" आणि गेली. कंडक्टर घंटा मारत होता.

त्या बसमध्ये पुढचा तासभर मी नुसता उन्हाच्या घामानं नाही, लाजेच्या घामानंही भिजलो. माणसानं खरं सांगावं आणि ते कुणाला खरं वाटू नये, ही शिक्षा मला पहिल्यांदाच झाली होती.

दुसऱ्या दिवशी पाहुणे. बाटलीवर लिहिलं होतं, खोलीच्या तापमानाला प्यावी. मी दोन्ही बाटल्या सकाळपासून बैठकीच्या खोलीत मांडून ठेवल्या. दुपारी खात्री करावी म्हणून एक उघडली, तर काढा. वाफच नाकात गेली, चव कुठल्या कुठं. लिहिणाऱ्याची खोली कुठल्या देशातली होती कुणास ठाऊक. मेमधली लातूरची खोली त्यानं पाहिली नव्हती. घाबरून पेलाभर फ्रीजमध्ये ठेवली, तर ती इतकी गार झाली की तुरटपणा तेवढा उरला, बाकी सगळं मेलं. दाजींना फोन लावला. ते म्हणाले, "येड्या, माठातल्या पाण्याइतकी गार कर. त्याच्या वर न्हाई, खाली न्हाई."

उरलेली एकच बाटली. तिला ओलं गोणपाट गुंडाळलं, माठाखालच्या ओल्या वाळूत रोवली आणि तिच्याभोवती घिरट्या घालू लागलो. लेक मटणाला वाटण करत होती. तिनं माठाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा वाटणाला लागली.

संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या टाकल्या. बायकोनं माझ्या सांगण्यावरून तिखटाचा हात आखडता घेऊन मटण केलं होतं, त्यामुळं ती माझ्यावर रागावलेली. व्याह्यांनी पेला हातात घेतला, गोल फिरवला, हुंगला, घोट घेतला आणि भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून खाल्ला. पुन्हा घोट घेतला. मग म्हणाले, "व्याही, ही कुठली? कुठून मागवली?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. परदेशातला मित्र, बोट, बंदर, कस्टमचा साहेब. लेक भाकऱ्यांची परात घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली होती. ती तिथंच थांबली.

"नांदेडहून आणली," मी म्हणालो. "पाचशे चाळीस रुपये. नाशिकला मी तुमच्याकडं पहिल्यांदाच वाईन प्यालो होतो. ही निवडायला माझे दाजी होते, ते दारूला शिवत नाहीत. आणि दुपारपासून ही माठाखाली पुरलेली होती."

व्याही इतके हसले की पेला खाली ठेवावा लागला. म्हणाले, तुमच्या गोष्टींबद्दल ऐकलं होतं, पण ही कमाल आहे, माठाखाली! आणि मला चाकूरची आजी दिसली, बोळकं उघडून हसताना. आता मी कितीही शपथा घेतल्या असत्या तरी ती पुढची गोष्टच ठरली असती.

लेकीनं परात खाली ठेवली. "बाबा, हे खरंय," ती व्याह्यांना म्हणाली. "पप्पा खोटं बोलतात तेव्हा आकडा गोल असतो. शंभर, हजार, पन्नास. पाचशे चाळीस त्यांना सुचणार नाही."

मग व्याह्यांनी बाटली उचलून दाखवली. तळाला वाळू चिकटलेली होती. ती त्यांनी अंगठ्यानं झाडली, पेला पुढं केला आणि म्हणाले, घाला अजून थोडी. निम्म्या किमतीत म्हणाला होतात, तेवढी स्वस्त नाही पडली, पण चालेल.

भांडी घासताना मी लेकीला बसमधल्या आजीची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, त्या आजी खऱ्या का? खऱ्या, मी म्हणालो. तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "किती वाजता उतरल्या?"

"चार वाजून सतरा मिनिटांनी."

ती हसली. नाशिकहून आल्यापासून पहिल्यांदा. तेव्हापासून मी गोल आकडे जरा जपूनच वापरतो. पण पाचशे चाळीस खरे होते. बिल दाजींकडं आहे, आणि दाजी कागद टाकून देत नाहीत.