पेन्शनर म्हणून नाही, बायको म्हणून

नोकरीत मी हजारो जबाब नोंदवले आणि बहुतेक विसरलो. एका निवृत्त नर्सबाईंनी ठाण्यात उभे राहून दिलेले उत्तर मात्र अजून जसेच्या तसे कानात आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी राहुरीला फौजदार होतो. शनी अमावस्येच्या बंदोबस्तासाठी निम्मी माणसे शिंगणापूरला गेलेली. सकाळीच ठाण्यात फोन आला. बोलणारा नाव सांगेना.

"स्टँडजवळच्या लॉजवर परदेशातला माणूस उतरलाय. उतारवयाच्या बायांशी लग्न लावतो आन् तिकडं नेऊन विकतो. आता बी एक बाई हाय त्याच्याकडं. लवकर जावा."

अशा फोनमधले बरेचसे खोडसाळ असतात, पण गेल्याशिवाय ते कळत नाही. हवालदार आणि महिला शिपाई घेऊन मी निघालो.

खोलीचे दार सताड उघडे होते. साठी ओलांडलेला, अंगाने वाळका गृहस्थ पेरू कापत बसला होता. समोरच्या खुर्चीवर चष्मा लावलेल्या, ताठ बसलेल्या बाई. गृहस्थाचा पासपोर्ट थायलंडचा. मी इंग्रजीत सुरुवात केली, तसा तो हसला.

"मराठीत बोला की साहेब. म्या जामखेडचा हाय."

दोघांना ठाण्यात आणून वेगवेगळे बसवले. आधी त्याची चौकशी केली. विशीत जहाजावर कामाला लागून तो तिकडे गेला, बोटींची इंजिने दुरुस्त करता करता तिथलाच नागरिक झाला. बायको वारलेली, मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी बहीण आजारी पडली म्हणून आला होता. बहीण ज्या वॉर्डात होती, तिथे या बाई सिस्टर होत्या. बहीण गेली; ओळख राहिली. बाई विधवा. त्या निवृत्त झाल्यावर दोघांनी लग्नाचे ठरवले. मी उलटसुलट विचारून पाहिले, कागद तपासले. कुठेच विसंगती सापडेना.

एवढ्यात बाईंचा मुलगा ठाण्यात आला. तिशीतला, नोकरदार, इस्त्रीच्या कपड्यांतला. आम्ही अजून कोणालाच काही कळवले नव्हते.

"त्याला सोडू नका साहेब. आईला फसवतोय तो."

"तुमचं म्हणणं काय? आईने जाऊ नये?"

"जाऊ दे की. तिला पेन्शन आहे. तिकडं निवृत्त माणसांना वेगळा व्हिसा मिळतो, मीच चौकशी केलीय. त्यावर जाऊ दे, हवं तितकं राहू दे. फक्त लग्नाचा व्हिसा नको."

"तिथे राहणार कुठे?"

"त्याच्याकडंच."

"म्हणजे बायका विकणाऱ्याच्या घरी आईला पाठवायला तुमची हरकत नाही. हरकत आहे ती लग्नाला."

"सकाळी आवाज आणि बोली बदलून केलेला फोन तुमचाच ना?" असे मी विचारल्यावर त्याने होकारार्थी मान हलवली. डोळ्यांत पाणी आले.

"पेन्शनर म्हणून गेली तर सांगता येतं साहेब, आई तिकडं बुद्धविहारात राहायला गेली. लग्न करून गेली तर मी काय सांगू?"

मी बाईंना आत बोलावले. मुलाला बघताच त्या सगळे समजल्या. मी बसा म्हणालो, त्या बसल्या नाहीत.

"निवृत्तीचा व्हिसा सोपा आहे, मला माहीत आहे. पण त्यावर गेले तर त्या घरात मी कोण? पाहुणी? सगळी नोकरी वॉर्डात काढली मी. पेशंट अत्यवस्थ झाला की आम्ही पहिलं विचारायचो, पेशंटचे कोण? ज्याला नातं सांगता यायचं नाही तो दाराबाहेर, मग आत त्याचं माणूस शेवटचे श्वास घेत असलं तरी. मी दाराबाहेर उभी राहणार नाही. जाईन तर बायको म्हणून, नाहीतर जाणारच नाही."

"आई, लोक..."

"लोक? तुझे वडील अंथरुणाला खिळले होते, तेव्हा यातलं कोण उशाशी बसायला आलं होतं?"



दुपारी बाईंच्या वस्तीतली चार प्रतिष्ठित माणसे आली. "साहेब, बाईंना समज द्या. पोरगं तोंड लपवून फिरतंय."

"कोणत्या कलमाखाली?"

"कायदा नका सांगू, समाजाचं बघा."

"ठाण्यात कायदाच सांगतात," मी म्हणालो. दोघांना सोडले. समज द्यायचीच होती. ती खोटा फोन करणाऱ्याला दिली.

नोंदणी विवाहाच्या नोटिशीची मुदत संपली. कायद्याने टिकेल अशी हरकत कोणी घेतली नाही. तीन साक्षीदार लागतात. बाईंच्या दोन मैत्रिणी तयार होत्या. तिसऱ्या साक्षीदाराला वस्तीतल्यांनी दटावले आणि आदल्या दिवशी त्याने अंग काढून घेतले. मला कळले तेव्हा मी रजा टाकली, साध्या कपड्यांत नगरला विवाह नोंदणी कार्यालयात गेलो आणि तिसरी सही केली. काही दिवसांनी लग्नाच्या व्हिसावर बाई रवाना झाल्या. मुलगा ना लग्नाला आला, ना निरोपाला. पुढच्या वर्षी मात्र तो स्वतः तिकडे जाऊन आईला भेटून आल्याचे ऐकले. काय बोलणे झाले, मला माहीत नाही.

वस्तीतून माझ्याविरुद्ध अर्ज गेला. वरिष्ठांनी खुलासा मागितला. मी एकच ओळ लिहिली: 'रजेच्या दिवशी दोन सज्ञान व्यक्तींच्या कायदेशीर विवाहास साक्षीदार होतो.' पुढे काही झाले नाही. झाले असते तरी ओळ बदलली नसती.

तेव्हापासून काळजीपोटी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी विचारू लागलो, तुमच्या मनासारखे झाले तर धोका नेमका कोणाचा टळतो? खरा घाबरलेला माणूस लगेच उत्तर देतो. दुसरा इकडचे तिकडचे बोलतो, आणि मग हळूच 'लोक काय म्हणतील' हे बाहेर येते. लोकांच्या तोंडावर बंदोबस्त लावता येत नाही आणि लावूही नये. पण त्या तोंडांच्या धाकाने कोणी एखाद्या बाईची वाट अडवली, तर ती मोकळी करून देण्यासाठीच अंगावर खाकी असते, असे मी तेव्हाही मानत होतो. आज खाकी उतरली, मत तेच आहे.