बाईंचा हात वर झाला होता

हा लेख द्यायला फार उशीर झाला, त्याबद्दल बिरादार बाईंच्या साठीच्या गौरवग्रंथाच्या मंडळींची माफी मागतो. मी सातवी नापास, शाळेचा निवृत्त शिपाई. पण उशीर त्यामुळे झाला नाही. जे लिहायचं होतं ते लिहवत नव्हतं.

बिरादार बाई मराठी शिकवायला मुखेडच्या आमच्या शाळेत आल्या, त्याच आठवड्यात मी रजेचा अर्ज लिहिताना अडलो होतो. बाईंनी कुणाला कळू न देता तो माझ्याकडून तीनदा लिहून घेतला. आज चार ओळी लिहितो आहे, त्या त्यांच्यामुळेच.

पुढे लॉकडाऊन लागलं. बाई रिकाम्या वर्गात खडूच्या डब्याला मोबाइल टेकवून शिकवत. डेटा वाचावा म्हणून पोरं कॅमेरे बंद ठेवत. पडद्यावर नुसती नावं. नावांकडे बघून कविता शिकवता येत नाही, म्हणून बाई मला मोबाइलमागे स्टुलावर बसवत. मी मान हलवायचो. "मामा, नेमक्या दुःखाच्या ओळीलाच कसे हसता हो?" असं एकदा म्हणाल्या.

त्या वर्षी घरोघरी आजार होता. हजेरीत एखादं पोर उत्तर देईना, की बाईंना रडू येई. मग त्या फळा पुसल्यासारखा डावा हात वर करत आणि मी मोबाइलचा माइक बंद करायचा, असं आमचं ठरलेलं. बाई खिडकीशी जात, पाणी पीत, परत येऊन "रेंज गेली होती रे" म्हणत. पोरांना त्यांचं रडणं कधीच ऐकू गेलं नाही.

बाईंच्या आई लातूरला वारल्या. रस्ते बंद, जाता आलं नाही. चौथ्या दिवशी बाईंनी तास घेतला. मध्येच हात वर झाला. मी गडबडीत माइकऐवजी कॅमेरा बंद केला. बाई खिडकीशी रडत होत्या आणि सगळा वर्ग ऐकत होता. मग मोबाइलमधून एका पोरीचा आवाज आला, "बाई, रडा. आमी कुणाला सांगत न्हाई."

बाई वळायच्या आत मी कॅमेरा पुन्हा चालू केला. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, "मामा, मी हात केला होता ना?"

माझ्या निवृत्तीला चारच महिने राहिले होते, जाता जाता चूक नावावर नको होती. मी म्हणालो, "न्हाई बाई."

"मग माझाच तोल गेला," एवढंच त्या बोलल्या.

पुढे ऑनलाइन शिकवताना मन कसं आवरावं, हे नव्या शिक्षकांना सांगायला बाईंना नांदेडला बोलावणं आलं. "मला स्वतःला आवरलं नाही, मी काय सांगू," असं म्हणून त्या गेल्या नाहीत. आता लातूरला असतात. साठीच्या सत्कारालाही नको म्हणतात, असं ऐकतो, आणि माझा जीव खालीवर होतो.

बाई, हात वर झाला होता. मी बघितला होता. बोट माझं चुकलं, आणि त्याहून जास्त जीभ.

तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. सत्काराला या. मी समोर बसतो, पहिल्यासारखा तोंडाकडे बघत. रागाचा का असेना, पण निरोप लवकर धाडा. वाट बघून राहिलो आहे.