हफ्साफुफू मरायला तयार नाही

माझ्या नवऱ्याने मोहल्ल्याच्या जमातीला प्लास्टिकच्या चटईचा एक भलामोठा रोल भेट दिला, त्याला आता पाच वर्षं होऊन गेली. निळ्या रंगाचा, कडेला पांढरी रेघ. मुझम्मिल तेव्हा दुबईहून नुकताच कायमचा परत आला होता, हार्डवेअरचं दुकान टाकलं होतं, आणि गावासाठी काहीतरी करावं असं त्याच्या मनात होतं. त्या दिवसापासून त्याची सख्खी फुफू, म्हणजे आत्या, हफ्सा त्याच्याशी नीट बोलेनाशी झाली. खरं सांगायचं तर दोन दिवस मीही बोलले नाही.

आता एका चटईवरून एवढं काय, असं कुणालाही वाटेल. आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. चटईला आमच्याकडे हातरी म्हणतात. खाजणाच्या बांधावर शिंदीची झाडं आहेत, त्यांची न उमललेली मधली पाती थंडीत कापायची. बोटांत काटे घुसतात, ते घुसणारच. मग पाती वाळवायची, नखाने चिरायची आणि चार बोटं रुंदीची लांबच लांब पट्टी विणत जायची. पट्टीची गुंडाळी करून माळ्यावर ठेवायची. हातरी लागेल तेव्हा गुंडाळ्या उलगडून पट्टीला पट्टी दाभणाने शिवायची.

आणि ती लागायची मुख्यतः एका कामाला. कबरीत मय्यत ठेवली की वर फळ्या बसवतात, फळ्यांवर हातरी घालतात आणि मग माती लोटतात. ही हातरी त्याच दिवशी शिवायची. तिकडे पुरुष कबर खणतात, इकडे बायका घरात बसून शिवतात. जिवंत माणसाच्या नावाने कुणी हातरी करत नाही, पट्ट्या तेवढ्या बिननावाच्या तयार असतात. आणि गेलेल्या बाईच्या स्वतःच्या हातची पट्टी तिच्याच हातरीत कधी घालत नाहीत. ते पांघरूण दुसऱ्या कुणीतरी घालायचं असतं.

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. आई गेली तरी दारातूनच निरोप. हफ्साफुफू म्हणायची, "आपण दारापर्यंत. पुढं आपली हातरी जाते." मुझम्मिलचा रोल आला आणि पुढे जाणारं आमचं तेवढंही काही राहिलं नाही. जमातीने ठरवून टाकलं की यापुढे प्लास्टिक वापरायचं. कापायचं आणि अंथरायचं, पाच मिनिटांचं काम. कुणालाही वाईट वाटलं नाही, हे मला जास्त लागलं.

फुफू मात्र जमातीच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं करायला ती तयार नव्हती. आत बारा पुरुष बसले होते. त्यांतल्या निम्म्यांच्या छठीला हिने खिचडा खाल्लेला, त्यामुळे भीड वगैरे प्रश्नच नव्हता.

"प्लास्टिकातना मी बाजारातून बोंबील आणते," ती म्हणाली. "माणूस न्हाय नेत."

मुझम्मिल समजुतीने म्हणाला, "फुफू, हातरीच पायजे असं कुठल्या किताबात लिहिलंय, सांग."

"आनि तुझा प्लास्टिक कुठल्या किताबात लिवलाय?"

ठराव काही बदलला नाही. वादात हरले म्हणून पुरुष ठराव बदलत नाहीत.

मग फुफूने दुसरं सुरू केलं. रोज जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर तिच्या पडवीत मोहल्ल्यातल्या आम्ही सहा सुना जमायचो आणि ती आम्हाला पट्टी शिकवायची. सोबतीला रेहानाचाची. रेहानाचाची म्हणजे फुफूची जाऊ. दोघी एकाच घरात दीड वर्षाच्या अंतराने लग्न होऊन आल्या, एकाच घरात विधवा झाल्या, पन्नास वर्षं एकमेकींच्या समोर बसून पट्टी विणली आणि पन्नास वर्षं एकाच गोष्टीवरून भांडल्या. फुफूचा हात सैल. तिची पट्टी मऊ, हाताला सुखाची. रेहानाचाचीचा हात घट्ट. तिची पट्टी उभी धरली तर तशीच उभी राहायची. त्यामुळे दोघींच्या पट्ट्या एका हातरीत कधी शिवायच्या नाहीत, एक ओढते आणि दुसरी फुगते. फुफू तिला म्हणायची, "पट्टी विनतेस का गळा आवळतेस?" चाची म्हणायची, "तुझ्या हातरीतून तर मांजर गळंल."

आमच्या पहिल्या हातऱ्या इतक्या वाकड्यातिकड्या होत्या की सांगायला लाज वाटते. किहीमला कॉटेज चालवणारी मृणाल नावाची बाई एकदा वाट वाकडी करून आली आणि त्या सगळ्या कौतुकाने घेऊन गेली. फुफूने तिला चहा पाजला, गोड बोलली, आणि गाडी वळल्यावर आम्हाला म्हणाली, "बरा झाला. चुकी तिकडं जातील, हात इकडं ऱ्हाईल."

दोघी जावांचं एक ठरलेलं होतं. जी मागे राहील तिने दुसरीची हातरी शिवायची. चाचीला एकदा मी विचारलं, मग मागे राहणारीचं काय? फुफूनेच तोडून टाकलं, "तिला हाय ना, मुझम्मिलचा निळा प्लास्टिक." हसली खरी, पण हात थांबला होता. आम्ही तोवर नीट विणत नव्हतो, आणि तिला तिच्या जोडीचा असा एकच हात माहीत होता. तिच्या कबरीवर परका निळा रोल पडणार, याची तिला खरी धास्ती होती. मरणाची मुळीच नव्हती.

गेल्या वर्षी माघातल्या एका सकाळी, फजरच्या नमाजाच्या सुमाराला रेहानाचाची गेली. मिट्टी द्यायचं असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर ठरलं. फुफू रडली, चाचीला गुस्ल, म्हणजे शेवटची अंघोळ, घालायला हात लावला, कफन बांधलं, आणि पदर कमरेला खोचून पडवीत बसली. "गुंडाळ्या काढा," ती म्हणाली.

एका हातरीला बारा गुंडाळ्या लागतात. फुफूच्या माळ्यावर सात निघाल्या. बाकीच्या पाच आण, असं तिने मला सांगितलं. आमच्या शिकाऊ हाताच्या गुंडाळ्या मोहल्ल्याच्या पार दुसऱ्या टोकाला, माझ्या घरी होत्या. आणि चाचीच्या खोलीवरचा माळा तिथेच डोक्यावर होता. मी शिडी लावली, अंधारात हाताला लागल्या त्या पाच काढल्या आणि पळत आणून दिल्या. रडून डोळे सुजलेले होते, तेवढीच माझी सबब. फुफू एका टोकाने शिवायला बसली, आम्ही दुसऱ्या टोकाने.

साडेतीनच्या पुढे शिवण मध्ये येऊन भेटली. हातरी पसरली तर मधोमध ही एवढी फुगलेली. दाबलं की दुसरीकडे फुगायची. नेमका त्याच वेळी मुझम्मिल दारात आला. कबर तयार होती. त्याने हातरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खरोखर हळू आवाजात म्हणाला, "फुफू, माती आत जाईल हिच्यातून. राहू दे. मी रोल कापून आणतो."

फुफूने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती हातरीवरून बोटं फिरवत होती, डोळे मिटून, कडेपासून मध्यापर्यंत. मध्यावर बोटं थांबली. तिथेच परत परत फिरली.

"ह्यो तिचा हात हाय," ती म्हणाली.

मी चाचीच्या माळ्यावरून चाचीच्याच पट्ट्या काढून आणल्या होत्या, आणि तिच्याच हातरीत शिवल्या होत्या. आख्ख्या गावात ही चूक दुसरी कुठली बाई करणार नाही, मी केली, तीही चार वर्षं पट्टी शिकल्यावर. मी मोठ्याने रडायला लागले. फुफूने मला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही.

"रडतेस काय? उसव!"

"फुफू, वेळ नाही," मुझम्मिल म्हणाला.

आता तिने मान वर केली. "असरची बांग झाली?"

"नाही, पण..."

"मग येल हाय. तू फल्या मोज जा. आनि तुझी बायको दे मना, तिचा काम हाय."

तो गेला नाही. दारातच उभा राहिला. आम्ही सहा जणी उसवत होतो, फुफू एकेक पट्टी सोडवून बाजूला गुंडाळत होती, जपून. शेजारची पोरगी धावत जाऊन माझ्या घरच्या पाच गुंडाळ्या घेऊन आली. त्यांतल्या तीन माझ्या होत्या. फुफूने त्या हातात घेतल्या, बोटांनी चाचपल्या, आणि मला चार वर्षांत पहिल्यांदा बरं काही म्हणाली. म्हणाली, "सैल हाय. माझ्यासारखी."

सहा दाभणं एकदम चालली. बांग झाली तेव्हा शेवटची दोन हात शिवण उरली होती. मुझम्मिल आत आला, मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी हातरीचं टोक ताणून धरलं. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. शिवण संपली आणि आम्ही हातरी जमिनीवर सोडली. ती सपाट पडली, कुठे एक सुरकुती नाही. त्यानेच ती गुंडाळून खांद्यावर घेतली आणि तो जनाज्याच्या मागे गेला. आम्ही दारापर्यंत गेलो आणि तिथे थांबलो.

रात्री जेवताना तो मला म्हणाला, "मीच अंथरली." मग म्हणाला, "माती टाकली तेव्हा प्लास्टिकचा आवाज येतो ना, तो आला नाही." मी त्याच्या पानात आणखी एक घावन वाढलं.

त्यानंतर मोहल्ल्यात तीन मय्यती झाल्या, तिन्ही हातरीनेच गेल्या. ठराव तसाच आहे, तो कुणी मोडला नाही आणि कुणी पाळतही नाही. निळा रोल मुझम्मिलने जमातीतून उचलून फुफूच्या अंगणात आणून टाकला, पाती वाळत घालायला. फुफू त्यावर चिखलाच्या पायांनी चालते आणि म्हणते, बरा हाय, टिकाऊ हाय.

चाचीच्या त्या पाच गुंडाळ्या तिने कुणाला दिल्या नाहीत. चाळिसावं झालं त्या दिवशी तिने त्या आपल्या माळ्याच्या वाशाला टांगल्या आणि आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या माझ्या. रेहाना बोलली होती माझी करीन, तिने केली." बायकांनी तौबा तौबा केलं. जिवंत माणसाच्या नावाने पट्टी राखायची नसते. फुफू म्हणाली, "नाव लावला मी. बघूया कोन काय करतो माझा."

पण बाराला सात कमी पडतात. आणि त्या सात चाचीच्या हातासारख्या घट्ट हव्यात, नाहीतर हातरी पुन्हा फुगणार. ते काम तिने माझ्यावर टाकलं आहे. चूक तुझी, भर तू. रोज जोहरनंतर मी तिच्या समोर, चाचीच्या जागेवर बसते आणि विणते. ती पट्टी हातात घेते, टांगलेल्या गुंडाळीला लावून बघते आणि म्हणते, "सैल. उसव." वर मला ऐकवते, "तुझा हात रेहानासारखा होईपर्यंत मी मरत न्हाय, समजलीस?"

गेल्या पावसाळ्यातच माझा हात घट्ट झाला. घरी विणते तेव्हा पट्टी उभी धरली की उभी राहते, अगदी चाचीची राहायची तशी. मुझम्मिलला दाखवली आहे, दुसऱ्या कुणाला नाही. फुफूसमोर बसले की मी प्रत्येक हातभर पट्टीमागे एक वेढा मुद्दाम सैल सोडते. तिची बोटं त्याच वेढ्यावर येऊन थांबतात, जराही चुकत नाहीत. ती माझ्या तोंडाकडे बघते, मी पातीकडे बघते. मग ती म्हणते, "उसव," आणि मी उसवते.