मोडीत गेलेली कळशी

मुलुंडच्या शरच्चंद्र दिघ्यांना राग यायला कारण लागत नसे. पण छप्पन्न सालच्या त्या खंडेनवमीला त्यांना कारण मिळालं, आणि ते त्यांनी फुकट जाऊ दिलं नाही.

दिघे फोर्टात विमा कंपनीत हेडक्लार्क. साहेबापुढे मान वर होत नसे. सगळी मर्दुमकी घरच्या काचेच्या कपाटात. तिथे शंभर वर्षांपूर्वीची ठासणीची रिव्हॉल्व्हरं होती. दारू आणि गोळी ठासायची, मागे इवलीशी टोपी बसवायची, घोडा पडला की टोपी फुटून बार उडायचा. आता बार उडत नव्हता, आणि उडवायची दिघ्यांची छातीही नव्हती. जोडीला गोळ्या पाडायचा साचा, टोप्यांची डबी आणि दारू ठेवायची तांब्याची कुपी. ही कुपी त्यांनी कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून घरातल्या एका जुन्या कळशीच्या बदल्यात आणली होती. त्यावरून घरात बरेच दिवस अबोला होता. दिघ्यांनी मनावर घेतलं नाही. अबोल्यातही जेवण वेळेवर मिळत होतं ना!

सगळ्यांत लाडक्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर मूळ मालकाचं नाव होतं, झिजून पुसट झालेलं: कॅप्टन जे. हॅलम. हा कोण, कुठला, देव जाणे. पण नाव आहे म्हणून ही वस्तू कुणाची तरी आहे, नाहीतर नुसतं लोखंड, असं दिघे म्हणत आणि भिंग लावून ते नाव वाचत बसत. जुन्या लोखंडाचा काळेपणा कधी घासायचा नाही, हे त्यांनी आल्यागेल्या सगळ्यांना ऐकवलं होतं. बायकोला, मालनबाईंना, सांगायचं तेवढं राहिलं.

त्या वर्षी शेजारच्या शुभाताई मालनबाईंना म्हणाल्या, “काय गं, घरात एवढी हत्यारं, आणि खंडेनवमीला पाटावर आपली विळी नि कोयता?” मालनबाईंना ते पटलं. इतकी वर्षं त्या कपाटाचा दुस्वास केला. यंदा त्यातलं काही देवापुढे मांडावं, भांडण संपवावं. त्यांनी कपाट उघडलं आणि चिंच, राख, विटेची पूड घेऊन मोरीत बसल्या. दिवाळीच्या समया घासाव्यात तसं घासलं. हात सोलवटले, पण रिव्हॉल्व्हर चांदीसारखं निघालं. साचा आणि डबीही घासली.

संध्याकाळी दिघे आले. पाटावर झेंडूच्या फुलांत, हळदकुंकू लावलेलं त्यांचं रिव्हॉल्व्हर झगझगत होतं. त्यांनी झडप घालून ते उचललं, भिंग लावलं. नळी कोरी.

“अक्कल गहाण टाकलीस काय? काय केलंस हे!”

“देवापुढे काळंकुट्ट ठेवायचं? लख्ख केलं.”

“लख्ख!” पाटावरची फुलं भिंतीवर जाऊन आपटली. “अगं, नाव होतं त्याच्यावर! माणूस कधीच मातीत गेला, तेवढीच त्याची खूण होती. वाट लावलीस! नाव पुसणं म्हणजे काय, कळतं का तुला?”

मालनबाई ‘चुकलं’ म्हणणारच होत्या. शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्यांचं डोकं फिरलं.

“मला विचारता? त्या कळशीवर नाव नव्हतं? ‘सौ. मथुरा’! नवी घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आईनं लग्नात स्वतःच्या नावाची दिली. ती गेल्यावर मला तेवढीच राहिली होती. तुम्ही ती मोडीत घातलीत. आणि हा हॅलम कोण हो? तुमचा मामा?”

दिघे जरा चपापले. “ती... गळत होती.”

“मग हे काय बार उडवतं?”

उत्तर सुचलं नाही की दिघ्यांचा राग दुप्पट होई. ते कपाटाकडे वळले. आत कुपी तेवढी होती, जशीच्या तशी, काळसर, जुनी. जीव भांड्यात पडून ते बोलून गेले, “ही वाचली म्हणायची.”

“तिला मी हात लावत नाही,” मालनबाई म्हणाल्या. “तिच्यात माझी आई गेली.”

दसरा कोरडा गेला. कुणी कुणाला सोनं दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दिघे ऑफिस बुडवून कुर्ल्याला गेले. कळशी कधीच वितळली होती. दिघे भंगारवाल्यावर ओरडले, तोही ओरडला, आणि त्याचंच बरोबर होतं. ते तसेच धुमसत परत आले, घरी जाऊन कुपी उचलली आणि मुलुंडच्या बाजारात कासारापुढे आदळली. जुन्या वस्तूवर नवं नाव घातलं की तिची किंमत मातीमोल होते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

“नाव घाल. सौ. मथुरा.”

कासारानं कुपी उलटसुलट केली. “ही तर साहेबलोकांची दिसते. नक्की कुणाची?”

“माझ्या सासूची!” दिघे खेकसले. “ठोक तू.”