किल्ली शिपायाकडं

मुलीला पाचवीत घालायचं होतं, म्हणून मी लोहाऱ्यातल्या तीन शाळांची फी, घरापासूनचं अंतर आणि दहावीचा निकाल ताडून पाहिला होता. तिसऱ्या शाळेत मुख्याध्यापक आम्हाला नवे संगणक दाखवत होते. सोबत प्रवेशासाठीच आलेली एक बाईही होती. पदर कमरेला खोचलेला, एका हातात लेकीचं मनगट, आणि दिसेल ते दार ढकलून बघायची सवय. तिचं नाव मी विचारलं नाही.

संगणकांपुढं ती थांबलीच नाही. "सर, हे ऱ्हाऊ द्या. पोरींचं संडास दावा."

संडासाला कुलूप होतं. सर चाचरले. "किल्ली शिपायाकडं आहे. तो जेवायला गेलाय. बसा थोडं, येईल."

"बसते की," म्हणत ती पायरीवर ऐसपैस टेकली. "मी मोठी हाय, कळ काढीन. पोरींनी काय करायचं? माझी थोरली दिवसभर पाणीच पीत नव्हती. डोकं दुखतंय म्हणून शाळा सोडली तिनं. ही न्हाय सोडायची."

सर स्वतःच शिपायाला शोधायला निघाले. माझी मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. माझ्या सगळ्या हिशेबात संडास कुठंच नव्हता.

आठवड्यानं अर्ज भरायला गेलो, तर कुलूप निघालेलं. आतून पाण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तीच बाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"घाला दादा पोरीला. नळाला पाणी हाय. कडी तेवढी नीट लागत न्हाय. सरांना सांगितलंय, मी उद्या परत बघाया येणार."