ट्रकवाल्याचा उजवा हात

मुरबे गावच्या जिव्याला वारा कळायचा, भरती-ओहोटी कळायची. रस्त्यावर गाडी मात्र तो होडीच्याच हिशेबाने हाकायचा. अठरा वर्षं होडीच्या पुढच्या टोकावर उभं राहून त्याने मागच्या सुकाणूवाल्याला हात केले. उजवा हात आडवा धरला की अर्थ एकच: उजवीकडं पाणी खोल हाय, घाल होडी बिनधास्त. सदुसष्ट साली त्याने जुनी फटफटी घेतली, पुळणीच्या वाळूवर तीनदा आपटून शिकला, आणि मागे बायको जमना, तिच्यामागे सुक्या बोंबलांची पाटी अशी वरात घेऊन मनोरच्या बाजाराला जाऊ लागला.

"हळू हाक रं मुडद्या," जमना त्याच्या कानात किंचाळायची, "मना मनोरला जायाचा हाय, मसनात नाय!"

"गप बस. होडीत कदी बुडवली तुला?"

त्या दिवशी बेटेगावच्या फाट्याशी पुढे एक रिकामा ट्रक खडखडत खडी आणायला चालला होता. ट्रकवाला खंडेराव घाटावरचा. त्याने खिडकीतून उजवा हात आडवा काढला. जिव्याने हात पाहिला, वेगाची मूठ पिळली आणि उजवीकडून घुसला. ट्रकही उजवीकडेच वळला.

फटफटी पुढच्या चाकाखाली चिरडली. जिव्याची नडगी काडकन मोडली, हाड कातडं फाडून बाहेर आलं. जमना बोंबलांसकट शेतात जाऊन पडली. दोन दात थुंकत उठली आणि कमरेची कोयती उपसून धावली.

तोवर बाजाराला निघालेल्यांनी खंडेरावाला मानगूट धरून खाली ओढला होता. लाथा बसत होत्या. एकाने दगडाने त्याचं नाक फोडलं.

"घाटी साला! मानूस मारतंस?"

"आरं, हात दावला व्हता की म्या! हात दावला व्हता!"

"दावलास म्हनून तं आलू!" जिव्या रस्त्यात पडल्यापडल्या ओरडला. "हात केलास, म्हंजे वाट मोकली!"

"मोकळी कुटली, गाढवा! हात म्हंजी मी वळतूय!"

जिव्याने ट्रकच्या वळलेल्या चाकांकडे पाहिलं. समुद्रावर पुढचा माणूस मागच्याला वाट दाखवतो. इथे पुढचा स्वतःची वाट सांगत होता. आणि फाट्यावर कुणाला ओलांडून पुढे जायचंच नसतं, हे त्याने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

"सोडा त्याला! चूक माजी हाय!"

"डोक्याला लागलाय बिचाऱ्याच्या, बरळतंय," कुणीतरी म्हणालं, आणि खंडेरावाच्या बरगडीत आणखी एक लाथ घातली. खंडेरावाचं ओरडणं आता थांबलं होतं. तोंडातून नुसता रक्ताचा फेस येत होता.

जिव्या कोपरांवर सरपटत निघाला. मोडका पाय मागून पिशवीसारखा फरफटत होता. गर्दीच्या पायांतून घुसून तो खंडेरावावर आडवा पडला, आणि जमनाची उगारलेली कोयती त्याच्याच खांद्यात रुतली.

तेव्हा कुठे सगळे मागे सरले. जमनाने कोयती टाकली आणि पदर त्याच्या खांद्यावर दाबला.

पालघरहून हवालदार आला. "चूक कोणाची?"

"ट्रकवाल्याची!" आठ तोंडं एकदम बोलली.

"खोटं," जिव्या कण्हला. "लिवा सायेब. फाट्यावर मीच पुढं घातली. ह्याचा हात मना कललाच नाय. पन आदी बगा, जिता हाय का ह्यो?"

हवालदाराने वाकून खंडेरावाच्या छातीवर हात ठेवला. "आहे. धुगधुगी आहे."

"आणि तुझ्या खांद्यावरचा घाव?" हवालदाराने वहीतून मान वर केली.

"त्यो माजा," जमना फुटक्या ओठांनी म्हणाली. "ह्या मुडद्यावर नव्हता मारला. पन लिवा, माजाच हाय."