शकूमावशीचं अर्धं वाक्य

शकूमावशी मागण्या घेऊन कुणाकडेही गेली तरी रिकाम्या हाताने जायची. निवेदन नाही, वही नाही. ती आमच्या घरकामगार बायकांच्या संघटनेची पुढारी. माझी आईही त्याच संघटनेत, त्यामुळे मी पत्रकांच्या घड्या घालतच मोठी झाले. छापलेल्या कागदावर माझा फार विश्वास. मावशीचा अजिबात नाही. "कागद दिला की ते म्हणत्यात, बघतो," ती म्हणायची. "कागदाला उत्तर द्यायला त्यांना वरीस लागतं. तोंडाला तिथंच द्यावं लागतं."

मांजरी गावात ज्या रानात तिने तरुणपणी ऊस खुरपला, त्याच रानात आता बारा मजली सोसायटी आहे आणि तिथे ती पोळ्या करायची. हडपसरच्या आमच्या वस्तीतली कोण किती घरं करते, कुणाची कुठली सुट्टी कापली गेली, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. एकदा एक मालकीणबाई म्हणाल्या, मी पगारवाढीचं बोललेच नव्हते. मावशी शांतपणे म्हणाली, "बोललात. गौरी बसल्या त्या दिवशी. तुमच्या हातात हळदीकुंकवाचं ताट हुतं." बाईंना वाढ द्यावीच लागली.

मग तिला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, किमो झाली, केस गेले आणि परत आले. सगळे म्हणाले, वाचलात, आता काय पाहिजे? पण मावशी आमटीत दोनदा मीठ घालायला लागली. बोलता बोलता तिचा शब्द हरवायचा आणि ती समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायची. एकदा हडपसरला यायचं सोडून ती भलत्याच बसमध्ये बसली आणि थेट कात्रजला, सर्पोद्यानापाशी पोचली. संध्याकाळी परतल्यावर म्हणाली, "सापांना भेटून आले." आम्ही हसलो. ती हसली नाही.

मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी फाइल चाळली. रिपोर्ट चांगले आहेत म्हणाले, वय झालं, टेन्शन घेऊ नका. गाठीचा सेंटिमीटरमध्ये हिशेब ठेवणाऱ्या त्या जाड फाइलमध्ये हरवलेल्या शब्दांसाठी एक ओळ नव्हती. मी भांडले. डॉक्टर म्हणाले, "अहो, जीव वाचला हे महत्त्वाचं नाही का?" महत्त्वाचं आहेच. पण वाचलेला जीव उद्या कामावर जातो, त्याला गॅस बंद केल्याचं आठवावं लागतं, हे कुणी बोलायचं? महिन्याभरात तिची दोन घरं सुटली. "मावशी, तुम्ही आता आराम करा, असं म्हणाल्या," तिने मला सांगितलं. "आराम करा म्हंजी उद्यापासून येऊ नका. एवढं डोकं हाय अजून."

त्याच वेळी सोसायटीत लिफ्टचा प्रश्न पेटला. कामवाल्या बायकांनी मोठी लिफ्ट वापरायची नाही असा नियम, आणि त्यांच्यासाठीची मागची लिफ्ट बंद पडलेली. बायका जिन्याने चढत होत्या. किमोनंतर तळपाय बधिर झालेली मावशीही कठडा धरून चढत होती. सेक्रेटरींकडे बोलायला आम्ही पाच जणी गेलो. मावशी उभी राहिली. "साहेब, पहिली गोष्ट, मोठी लिफ्ट आमाला..." आणि थांबली. तिचे ओठ हलत होते. मला ते बघवेना. मी वाक्य पुरं केलं. पुढच्या दोन मागण्याही मीच मांडल्या. सेक्रेटरींनी खुर्ची माझ्याकडे वळवली ती वळवलीच. शेवटी म्हणाले, "लेखी द्या. बघतो."

फाटकाबाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "तिथनं मला कुणी उठवलं, म्हाईत हाय? त्यांनी न्हाई. तू."

मी म्हणाले, "मावशी, मी मदत करत होते."

"मदत करायची तर गप बसायला शीक. तुला पत्रकं लिहून सवय न्हाई त्याची."

आठ दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. मला तिचा राग आला होता, माझाही, आणि सगळ्यात जास्त त्या निवांत वळलेल्या खुर्चीचा.

पुढच्या रविवारी आम्ही पाचही जणी परत अकराव्या मजल्यावर सेक्रेटरींच्या घरी. मावशीने आधीच सांगून टाकलं. "साहेब, मला कॅन्सर झालता. औषधानं आठवणीला भोकं पडलीत. मी मधीच थांबंन. थांबले म्हंजी संपलं न्हाई. तुमी बी थांबायचं." आणि दुसऱ्याच वाक्याला ती थांबली. पंखा फिरत होता. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं. वाक्य माझ्या जिभेवर होतं आणि मी ते दातांनी धरून ठेवलं. सेक्रेटरी म्हणाले, "बाई, आपल्याला आठवत नसेल तर पुन्हा कधी बसू."

मावशीने हात वर केला. अजून थोडा वेळ गेला. "माझं इसरणं औषधाचं हाय," ती म्हणाली. "मागची लिफ्ट दोन म्हैने बंद हाय, ते तुमी कशानं इसरला?"

सेक्रेटरींनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला. "कमिटीत घेतो," ते म्हणाले.

"न्हाई. आत्ता सांगा. तवर आमी मोठ्या लिफ्टनं येणार."

या वेळी थांबलेले ते होते. मग म्हणाले, "दुरुस्ती होईपर्यंत या."

आम्ही पाच जणी मोठ्या लिफ्टमध्ये शिरलो. दार बंद झालं. बटणांपाशी मावशी होती. तिचं बोट आकड्यांवरून वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. लिफ्ट जागच्या जागी उभी होती. माझा हात उचलला गेला होता, तो मी पाठीमागे धरला.

"गडबड करू नका," मावशी म्हणाली. "सापडंल."